धाकट्या भावास काहीही न देण्याबद्दल

मी, रज्जाक बाबूलाल शिकलगार, वय वर्षे ७४, पूर्वीचा धंदा वजनकाटे दुरुस्ती, राहणार घोरपडे पेठ, पुणे, शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाने किंवा आग्रहाने नव्हे तर स्वतःच्या मनाने, माझ्यामागे काय कोणाचे व्हावे ते लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याबद्दल डॉ. श्रीधर आगाशे यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार आणि माझ्या मुलीचे नाव विचारले. मी दोन्ही सांगितले, आणि त्यांच्या खोलीतला वजनकाटा सातशे ग्रॅम जास्त दाखवतो, हेही सांगितले. त्यांनी काट्यावर स्वतः उभे राहून पाहिले. त्यांना आनंद झालेला दिसला. दाखला लगेच मिळाला.

हे माझे दुसरे मृत्युपत्र आहे. पहिले मी २०१३ साली केले होते, ते रद्द समजावे. ते तसेही चालणारे नव्हते. का, ते कलम ३ मध्ये लिहिले आहे.

१. माझी माणसे. माझी पत्नी जुबेदा यंदा ३ मार्च रोजी वारली. आम्हाला एकच अपत्य, मुलगी नसीम, वय ४५, अविवाहित. माझी थोरली बहीण मुमताज, जिला आम्ही आपा म्हणतो, वय ७९, कोंढव्यात मुलाकडे राहते. धाकटा भाऊ शकील, वय ७०, टपाल खात्यातून निवृत्त, आमच्याच गल्लीत राहतो. त्याला दोन मुलगे आहेत. याशिवाय माझे वारस म्हणून कोणी पुढे आल्यास तो खोटा समजावा.

२. राहते घर. घोरपडे पेठेतील दुसऱ्या मजल्यावरचे घर, आतील सामानासह, मी नसीमला देतो. पूर्ण घर. त्यात कोणाचा हिस्सा नाही. एवढे एक वाक्य लिहिता यावे म्हणून मला सहा वर्षे लागली आणि जुबेदाशी पुन्हा लग्न करावे लागले. तीही हकीकत लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी नसीमला ‘हे कसे काय?’ असे विचारले तर तिला सांगत बसावे लागणार नाही.

३. कायद्याची बाजू. २०१३ साली मी कागदावर ‘सर्व काही नसीमला’ असे लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि कागद कपाटात ठेवला. आयुष्यभर मी लोकांचे काटे तपासले, हा कागद मात्र कोणाला तपासायला दिला नाही. पुढच्या वर्षी नसीमच्या ओळखीच्या वकील विजयमालाबाई गुंजाळ यांनी तो वाचला. म्हणाल्या, “काका, अक्षर छान आहे. बाकी याचा उपयोग नाही.”

त्यांनी समजावून सांगितले ते असे. मुसलमान माणसाला मृत्युपत्राने फार तर एक तृतीयांश देता येते, आणि तेही बाहेरच्याला. जो आधीच वारस आहे त्याला जास्त द्यायचे तर बाकीच्या वारसांची संमती लागते. मला मुलगा नाही. त्यामुळे जुबेदा आणि मी गेल्यावर नसीमला अर्धे, आणि उरलेल्या अर्ध्यात शकीलला दोन वाटे, आपाला एक. दोन खोल्यांच्या घरात हे कसे वाटायचे, ते मी विचारले नाही.

“मार्ग आहे का?” असे विचारले.

“आहे. तुम्ही आणि काकू, दोघेही हयात आहात तोवर आहे. झालेल्या लग्नाची विशेष विवाह कायद्याखाली नोंद करा. मग वारसाला देशाचा सर्वसाधारण कायदा लागू होतो. हवे त्याला हवे तेवढे देता येते.”

दोघेही हयात आहात तोवर. हे त्यांनी दोनदा सांगितले, आणि तरी मी दोन वर्षे घालवली. कारण सांगायला लाज वाटते. नोंदणीच्या आधी नोटीस लागते. तीस दिवस आपली नावे कचेरीच्या फलकावर राहतात. तिथे सगळी तरुण मुलेमुली, आणि त्यांच्यात आमची नावे, वय ७१ आणि ६६. मी जुबेदाला म्हणालो, “लोक हसतील.”

ती म्हणाली, “अहो, पहिल्या वेळीसुद्धा हसलेच होते. तुमची शेरवानी भाड्याची होती, बाह्या कोपरापर्यंत येत होत्या.”

तिला एकच भीती होती. एकदा भाजी निवडताना तिने विचारले, “कोर्टाचा कागद केला म्हणून मला कब्रस्तानात जागा नाकारणार नाहीत ना?” मी नाही म्हणालो. मला खात्री नव्हती.

जून २०१६ मध्ये नोटीस लागली.

४. त्या रविवारची बोलाचाली. हे कलम वकीलबाईंनी काढायला सांगितले होते. मी ठेवत आहे.

नोटीस लागल्यावर चौथ्या दिवशी शकील आमच्याकडे आला. कोणीतरी फलकाचा फोटो काढून त्याला पाठवला होता. आपाही त्या दिवशी आली होती आणि जुबेदाबरोबर मटार सोलत बसली होती. शकीलने फोन माझ्यासमोर धरला.

“भाई, पुढच्या महिन्यात तुझं लग्न आहे म्हणे.”

जुबेदा म्हणाली, “हो. जेवायला या. आहेर आणू नका.”

“भाभी, ही हसायची गोष्ट नाही. मशिदीत लोक मला विचारतात, निकाह मोडला का? दीन-धर्म सोडला का?”

“निकाह होता तिथेच आहे,” मी म्हणालो. “ही नुसती नोंद आहे.”

“नोंद कशासाठी, ते मला कळत नाही होय? माझ्या पोरांकडे काही जाऊ नये म्हणून.”

“नसीमला राहतं घर पूर्ण राहावं म्हणून.”

“वाटे अल्लानं ठरवलेत, भाई. त्याला कारण आहे. बाईमाणसाला सांभाळायची जबाबदारी पुरुषावर आहे, म्हणून त्याचा वाटा मोठा. उद्या नसीमवर वेळ आली तर दारात कोण उभा राहील? मीच ना? जबाबदारी ठेवायची आणि हिस्सा काढून घ्यायचा, हा कुठला न्याय?”

हे तो मनापासून बोलत होता. शकील लोभी माणूस नाही. मी त्याच्याशी पन्नास वर्षे वाद घातला आहे, पण असा आरोप त्याच्यावर कधी केला नाही आणि इथेही करत नाही.

नसीम दारात चप्पल काढत होती. म्हणाली, “चाचा, जबाबदारी घेणाऱ्याला हिस्सा, हे मला मान्य आहे. पंधरा वर्षं दुकान कोण उघडतं? अम्मीला दवाखान्यात कोण नेतं? मग मला मुलगा समजा.”

“तू मध्ये बोलू नकोस, बेटा. शरियतमध्ये दुरुस्ती करणारा तुझा बाप कोण? त्यानं तराजू दुरुस्त करावेत.”

“जन्मभर तेच करतायत,” जुबेदा म्हणाली.

मग मी बोललो. मी सहसा बोलत नाही. १९७३ साली समाजसुधारणेच्या मोर्चात मी तोंडी तलाकविरुद्धचा फलक धरून चाललो होतो, तेव्हाही घोषणा दिल्या नाहीत. त्या दिवशी मात्र मी शकीलला बरेच सुनावले. काळ बदलला, कायदे माणसांसाठी असतात, बाकीच्या मुस्लिम देशांत काय काय बदलले, वगैरे. त्यानेही ऐकवले, की तुझ्या सभांना टाळ्या वाजवणारे कोण होते ते बघ, त्यांतल्या किती जणांनी तुला घरी जेवायला बोलावले? दोघांचे आवाज चढले.

आपा मटार सोलत होती. तिने वर पाहिले नाही. म्हणाली, “तुमचं झालं की मला एक सांगा. अब्बा गेले तेव्हा शरियतनं माझा वाटा किती होता?”

शकील म्हणाला, “पाचवा.”

“मिळाला?”

“आपा, तू हक्कसोडीवर सही केलीस.”

“केली. तुम्ही दोघं रिक्षा घेऊन आला होतात. एक सुधारणावाला, एक नमाजी. येताना पेढे आणले होते. रिक्षात मला मध्ये बसवलं. त्या दिवशी तुमचं दोघांचं एकमत होतं. त्यानंतर कधी झालेलं मी पाहिलं नाही.”

ही गोष्ट १९७९ सालची. मोर्चानंतर सहाच वर्षांनी. अब्बांच्या दोन खोल्या आम्ही दोघा भावांनी घेतल्या, पुढे विकल्या, आणि माझ्या निम्म्यातून मार्केट यार्डाजवळचा गाळा झाला. आपाचा वाटा आपण घेतला, हे सदतीस वर्षांत माझ्या मनात आले नव्हते. सगळेच तसे करत. आमचा संपत हमाल कात्रजकडच्या गावचा. त्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “आमच्यात बी हाय की शिकलगार. जमिनी इकल्या तवा बहिणी जीपमध्ये भरून आणल्या सह्यांना. एकेक लुगडं दिलं. तुमी पेढं तरी दिलं.”

शकील चहा न घेता गेला. आपा मटाराची टरफले गोळा करून उठली.

जुबेदा नंतर मला म्हणाली, “पारडी बदलून बघा.” हे आमच्या धंद्यातले आहे. काटा खरा की खोटा हे पाहायचे तर मालाच्या जागी वजन आणि वजनाच्या जागी माल ठेवायचा. खरा काटा दोन्हीकडून तेच सांगतो. “समजा आपल्याला मुलगे असते आणि शकीलला एकटी मुलगी असती. तर तिच्या घरातला वाटा तुम्ही मागायला गेला असता का?”

मी विचार केला. खरे उत्तर असे की गेलो असतो. आपाकडे गेलोच होतो.

जुलैमध्ये आमच्या लग्नाची नोंद झाली. तीन साक्षीदार लागले: आपा, संपत आणि वकीलबाईंचे कारकून. निबंधकांनी जुबेदाला विचारले, हे आपल्या मर्जीने ना? ती म्हणाली, “पंचेचाळीस वर्षं बघून घेतलंय.”

५. गाळा व हत्यारे. गुलटेकडी येथील मार्केट यार्डाबाहेरचा गाळा आणि त्यातील धंदा नसीमचा. परवाना २०१२ पासून तिच्याच नावावर आहे. ती पहिल्यांदा एका अडत्याच्या पेढीवर इलेक्ट्रॉनिक काटा उघडायला बसली तेव्हा अडते माधवशेठ मला म्हणाले, “शिकलगार, बाई काटा दुरुस्त करणार?” नसीमने काटा लावून दिला आणि म्हणाली, “शेठ, पोत्यामागे पाव किलो तुमच्या बाजूनं जात होतं. बंद केलंय. सरकारी शिक्क्याला घेऊन जा.” पुढे त्यांनीच तिला सगळीकडे नेले, कारण तिने तपासलेल्या काट्यावर भांडणे होत नाहीत.

कानशी, हातोड्या, वजनात शिसे भरायची पळी, सगळे तिचे. पितळी प्रमाण वजनांची लाकडी पेटीही तिची. त्या वजनांना उघड्या हाताने शिवू नये, घामाने वजन बदलते, हे तिला माहीत आहे. पुढे ज्याला देईल त्याला तिने सांगावे.

६. आपा. बँकेतील माझी मुदत ठेव संपूर्णपणे माझी बहीण मुमताज हिची. ती आधी गेल्यास तिच्या नातीची. ही देणगी लिहू नये. परत करणे आहे, तसेच लिहावे. माझ्याकडच्या निम्म्यातल्या तिच्या वाट्याचा आजचा हिशेब वकीलबाईंनी काढून दिला, ठेव त्याहून थोडी जास्त आहे. जास्तीचे उशिराबद्दल.

अब्बांचा हाती धरायचा तराजूही आपाला. लहानपणी ती त्यात चिंचोके मोजायची. त्याची दांडी मी नवी बसवली आहे.

इथे एक गोष्ट लिहिली पाहिजे. त्या रविवारनंतर महिनाभर शकील आमच्याकडे फिरकला नाही. मला वाटले, राग आहे. पुढे आपाकडून कळले, की तो त्याच आठवड्यात कोंढव्याला गेला आणि त्याच्याकडच्या निम्म्याचा हिशेब करून तिचा वाटा देऊन आला. निवृत्तीचे ठेवलेले होते त्यातून. तिला म्हणाला, “शरियत सांगते ते मी पाळलं नव्हतं. भाईला शरियत शिकवायला निघालो होतो.” मी सुधारणावाला, आणि मी आता मरताना देतो आहे. त्याने माझ्या आधी दिले. मी आयुष्यात पुष्कळ सभा ऐकल्या, तेवढ्याने आपाला काही मिळाले नव्हते. आणि तिने मटार सोलताना विचारले नसते तर शकीलच्या नमाजांनीही मिळाले नसते, असे आपाचे म्हणणे आहे.

७. किरकोळ. माझ्या खणात कर्वेनगरच्या एका गृहरचना संस्थेचे माहितीपत्रक आहे. २००३ साली तिथे घर घेण्याचा विचार होता. दलाल म्हणाला, “काका, त्यांना तुमचा स्वभाव फार आवडला. नाव तेवढं आवडलं नाही.” ते कागद मी सोळा वर्षे राग म्हणून ठेवले. आता रद्दीत द्यावेत. मोर्चाची कात्रणे ज्यांना हवी त्यांना द्यावीत. एका दमात दिलेला तलाक २०१७ साली न्यायालयाने रद्दबातल ठरवला तेव्हा जुबेदाने टीव्ही बंद केला आणि “चला, एक झालं” म्हणून कणीक मळायला गेली. यंदा त्यावर कायदाही आला. शकील म्हणतो, करणाऱ्यांचा हेतू बघ. मी म्हणतो, वाचलेल्या बाया बघ. हा वाद आमचा दर शुक्रवारी चालतो आणि तो मी कोणालाही वारसाने देत नाही.

८. दफन. मला आमच्या जमातीच्या कब्रस्तानात, रीतीप्रमाणे, नमाज पढून दफन करावे. मी मुसलमान आहे. कागद करण्याआधीही होतो. भाषणे करू नयेत. जुबेदाच्या शेजारी जागा मिळाल्यास बरे, न मिळाल्यास वाद घालू नये.

जुबेदा गेली त्या सकाळी मला दुःखाबरोबर दुसरी एक भीतीही होती. कब्रस्तानात जागा नाकारणार नाहीत, असे तिला मी सांगितले होते. आता कब्रस्तानाच्या कमिटीचे लोक काय म्हणतात, याची मला धास्ती होती. शकील सात वाजता आला, मला काही न विचारता खाली गेला आणि कमिटीच्या कचेरीत जाऊन बसला. तिथे कोणीतरी तो कोर्टाचा विषय काढला, असे नंतर कळले. शकील त्यांना म्हणाला, “कागद त्यांचा. मय्यत आपली. माती कधी द्यायची तेवढं सांगा.” दुपारच्या नमाजानंतर सर्व काही झाले. जनाज्याला खांदा द्यायला एवढी माणसे होती की मार्केट यार्डातल्या हमालांना पाळी मिळेना. जनाज्याची नमाज शकीलने पढवली.

त्या दिवसापासून मला दुःख आहे, पण ओझे नाही. आम्ही अजून एक-दोन वर्षे लाजत बसलो असतो आणि तोवर जुबेदाचे काही झाले असते, तर नोंद कधीच झाली नसती आणि आज हे लिहायला अर्थ राहिला नसता. ती वेळेवर हट्टाला पेटली. मला आता झोप चांगली लागते, हे डॉक्टरांनाही सांगितले आहे.

९. शकील. माझा धाकटा भाऊ शकील यास मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. घड्याळ नाही, छत्री नाही, अब्बांचा फोटोही नाही. फोटो त्याने आज, माझ्या हयातीत, घेऊन जावा. कारण असे की मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याला दिलेले रद्द होते, असा कायदा आहे. मला साक्षीदार असा हवा होता, की ज्याच्या सहीनंतर नसीमला कोणी काही विचारणार नाही. घोरपडे पेठेत तसा एकच माणूस आहे.

मी त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, “मला पटलेलं नाही, हे माहीत आहे ना तुला?” मी म्हणालो, माहीत आहे. तो म्हणाला, “ते लिहायला जागा ठेव.”

१०. व्यवस्था. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. विजयमाला गुंजाळ यांनी करावी. त्यांची फी दिलेली आहे.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, पुन्हा वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत खाली सही केली. त्यांनीही माझ्या देखत सह्या केल्या.

ठिकाण: पुणे
दिनांक: २२ सप्टेंबर २०१९, रविवार

सही: रज्जाक बाबूलाल शिकलगार

साक्षीदार १: संपत गेनबा कुदळे, हमाल (निवृत्त), राहणार कात्रज.
यांनी सहीआधी “मला बी काय न्हाई का?” असे विचारले. साक्षीदारास चहा मिळतो, असे सांगितल्यावर सही केली.

साक्षीदार २: शकील बाबूलाल शिकलगार, राहणार घोरपडे पेठ.
यांच्या हस्ताक्षरात: “वाटणी मला मान्य नाही. जाब द्यायची वेळ येईल तिथे भाईने द्यावा, मी माझा देईन. परंतु हे त्याने माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या मर्जीने लिहिले आहे व सही त्याचीच आहे. या कागदावरून नसीमला जो त्रास देईल, माझी मुले धरून, त्याने आधी माझ्याकडे यावे.”